गोव्याला जाताना डावी खिडकी

गुरुवार

मुंबईहून गोव्याला विमानानं जायचं तर डावीकडची खिडकी घ्यावी, म्हणजे ‘ए’. बहुतेकजण उजवीकडची ‘एफ’ घेतात. विमान दक्षिणेला निघालं की पश्चिम उजव्या हाताला येते आणि पश्चिमेला समुद्र आहे, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून पदरात पडतो फक्त समुद्र. मुंबईहून निघालेलं विमान बहुतेक वेळा किनारा डाव्या हाताला ठेवून पाण्यावरूनच दक्षिणेकडे सरकतं. मग उजवीकडे तासभर निळं पाणी, मधूनच एखादं जहाज, आणि अख्खं कोकण डावीकडे.

दिवाळीच्या सुट्टीत भाची ठाण्याला आमच्याकडे आली होती, तिला म्हापशाला ताईकडे परत सोडायचं होतं. भाची तेरा वर्षांची, गोव्यातच वाढलेली, त्यामुळे समुद्राबद्दल तिला काही शिकवायला जाणं धोक्याचं. “समुद्र सोडून तू जमिनीकडे तोंड करून बसणार? मामा, तू पैसे भरून डोंगर बघणार?” असं तिचं म्हणणं. मी तिला फ्लाइटरडार२४ उघडून दाखवलं. आपल्या विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते कुठून कुठे गेलं याची रेघ नकाशावर उमटते. आमच्या विमानाची रेघ रोज थोडी इकडेतिकडे झाली होती, पण अलिबागपासून मालवणपर्यंत ती पाण्यावरच होती. सीट निवडायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. विमान कंपनीच्या सीटच्या नकाशात फार तर पंख कुठे आहे ते कळतं.

दुसरा प्रश्न सूर्याचा. आमचं विमान दुपारी साडेतीनचं. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि दुपारनंतर नैर्ऋत्येला जातो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्या विमानाच्या पुढे-उजवीकडे. डावीकडच्या माणसाच्या तो पाठीशी राहतो आणि किनाऱ्यावर समोरून ऊन पडतं. सकाळी सातच्या विमानात सगळं उलटं. ऊन डाव्या काचेवर, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकणार, खालचा किनारा पांढुरक्या धुरात बुडालेला. सकाळचंच विमान नशिबी असेल तर मीही उजवीकडे बसून झोप काढेन.

राहिली ओळ. एअरबस ए३२० मध्ये पंखानं साधारण दहाव्यापासून विसाव्या ओळीपर्यंतची जागा खाल्लेली असते, आणि त्याच्याही पुढे एक-दोन ओळींना इंजिनाचं तोंड आडवं येतं. पंखाच्या मागे, शेवटच्या काही ओळींत जमीन छान दिसते, पण इंजिनातून सुटणाऱ्या गरम हवेनं चित्र थरथरतं. डोळ्यांना चालतं, फोटोला नाही. बोइंग ७३७ असेल तर आणखी एक फसगत असते. पंखाच्या थोडं पुढे वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते आणि तिथे खिडकीच नसते. सीटचा नकाशा तिलाही ‘खिडकीची जागा’च म्हणतो आणि पैसेही तेवढेच घेतो. आम्ही पाचवी आणि सहावी ओळ घेतली, दोघेही ‘ए’, एकामागे एक. शेजारी बसून एका खिडकीवर दोघांनी हक्क सांगण्यापेक्षा हे बरं. बोलायचं झालं तर सीट आणि भिंतीच्या फटीतून बोलता येतं, आणि आम्ही वाटभर तसंच बोललो. माझ्या शेजारच्या गृहस्थांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

विमानात शिरल्यावर कळलं की भाचीला अख्खी खिडकी मिळाली आहे आणि माझी खिडकी माझ्या खांद्याच्या मागे आहे. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावावीत तसं हे होतं. ए३२० च्या सांगाड्यात खिडक्या एकवीस इंचांवर बसवलेल्या असतात. सीटमधलं अंतर कंपनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवते, कुठे अठ्ठावीस इंच, कुठे एकतीस. दोन्हींचा मेळ काही ओळींत बसतो, काहींत नाही, आणि नकाशावर ते कळत नाही. मी पाठीला पीळ देऊन बसलो. मागून आवाज आला, “मामा, बदलायची का जागा? पण मालवणनंतर परत.” मी नको म्हटलं.

मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७. या आकड्यांना दहानं गुणलं की होकायंत्रावरची दिशा मिळते. २७ म्हणजे २७० अंश, थेट पश्चिम. उडाल्यावर लगेच उजवीकडच्यांना जुहूचं जुनं विमानतळ दिसतं, १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते ते. एवढा एक मोह डाव्या बाजूवाल्यानं सोडायचा. लगेच विमान डावीकडे कलतं, आणि ज्या बाजूला विमान कलतं त्या बाजूच्या खिडक्या खाली बघतात. वांद्रे-वरळी सागरी सेतू, त्यामागे वरळी, पुढे दक्षिण मुंबईची निमुळती होत गेलेली पट्टी, सगळं एका वळणात.

त्यानंतर खाड्या. भाचीच्या हातात मी एक कागद दिला होता, उत्तरेकडून दक्षिणेकडे खाड्यांची नावं लिहिलेला, आणि ती एकेक खूण करत होती. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि समोर कोर्लई. राजपुरीच्या खाडीत जंजिरा, तोही ठिपक्याएवढा. सावित्रीच्या तोंडाशी बाणकोट. वाशिष्ठीच्या तोंडाशी दाभोळ, पलीकडे अंजनवेल. शास्त्रीच्या तोंडाशी जयगड, मुचकुंदीच्या तोंडाशी पूर्णगड, वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग. शाळेत जलदुर्गांची आणि किनारी किल्ल्यांची यादी पाठ केली होती. वरून बघताना ती खाड्यांचीच यादी निघते. सह्याद्री समुद्रापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे नद्या आखूड, प्रत्येकीला आपली खाडी, गलबतं खाडीतून आत घाटाच्या पायथ्यापर्यंत जाणार, आणि दारावर जकात घ्यायला, पहारा ठेवायला एक किल्ला. दोन खाड्यांच्या मध्ये सपाट माथ्याचे जांभ्याचे सडे. पावसाळ्यात हिरवे असतात ते नोव्हेंबरात पिवळे पडायला लागलेले. हा किनारा बघायला महिनाही हाच. पावसाळ्यात खाली ढगांखेरीज काही दिसत नाही, आणि उन्हाळा जवळ आला की हवेत धूळ-धूर साठून दहा-पंधरा किलोमीटरपलीकडचं सगळं पुसट होतं. पाऊस सरल्यानंतरचे काही आठवडे हवा धुतलेली असते.

देवगडच्या आसपास खाली कापसासारखे विरळ ढग आले, आणि भाचीनं फटीतून माझा खांदा ठोकला. “मामा, पळय रे!” म्हणजे बघ रे. ढगांवर आमच्या विमानाची सावली पळत होती आणि तिच्याभोवती सप्तरंगी वर्तुळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून धुक्यात दिसतं ते इंद्रवज्र हेच. सूर्य बरोबर पाठीमागे आणि समोर पाण्याच्या बारीक थेंबांचा पडदा, एवढं जुळलं की झालं. कड्यावर ते दिसायला नशीब लागतं; विमानात मात्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलं आणि खाली ढग असले की ते बऱ्याचदा दिसतं. उजवीकडे बसलेल्यांना ते दिसणं शक्य नाही, हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण पलीकडच्या रांगेतल्या बाईंनी झडप खाली ओढली.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. फोन काचेला टेकवायचा नाही, काच थरथरते. बोटभर अंतर ठेवायचं. गडद रंगाचा शर्ट घालायचा, पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. पोलराइज्ड गॉगल काढून ठेवायचा, नाहीतर ॲक्रिलिकच्या काचेत रंगीत पट्टे दिसतात. खालच्या बाजूला काचेला एक बारीकसं भोक असतं, ते पाहून घाबरायचं नाही. खिडकीला तीन थर असतात, भोक मधल्या थराला असतं, आणि ते हवेचा दाब सारखा राखायला मुद्दाम ठेवलेलं असतं.

रत्नागिरीच्या सुमारास विमान उतरायला लागलं होतं, त्यामुळे मालवण आलं तेव्हा सिंधुदुर्गाची तटबंदी नीट वेगळी दिसली. त्याच्या खाली कर्ली नदी आणि समुद्र यांच्यात अडकलेली देवबागची चिंचोळी पट्टी. तिथून विमान किनारा सोडून आत वळलं, सावंतवाडीच्या बाजूनं. संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो, शाळेच्या पुस्तकातले ते खारे वारे, आणि विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून आम्ही आधी पूर्वेला जाऊन मग पश्चिमेकडे तोंड करून मोप्याच्या विमानतळावर उतरणार होतो.

याचा डावीकडच्यांना आणखी एक फायदा झाला. आत गेल्यावर तिळारी धरणाचा जलाशय डाव्या हाताला आला, फांद्या फुटल्यासारखा डोंगरांत शिरलेला, आणि त्यामागे संध्याकाळच्या उन्हात सह्याद्रीची उभी भिंत. मग विमान उजवीकडे वळलं. त्या अर्ध्या मिनिटात आम्हाला नुसतं आकाश दिसलं आणि उजवीकडच्यांना जमीन. त्यांचा हक्कच होता तो. सरळ झाल्यावर पुन्हा आमच्या बाजूला नदी आली. तिळारीचंच पाणी पुढे गोव्यात शापोरा म्हणून वाहतं, हे भाचीला भूगोलात होतं; धरण आणि नदी एकाच खिडकीतून पाच मिनिटांच्या अंतरानं बघितल्यावर तिनं ते मान्य केलं. “कोलवाळचो पूल!” ती ओरडली. तो पूल तिच्या रोजच्या माहितीतला.

मोप्याचं विमानतळ पेडण्याच्या सड्यावर आहे. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ ला पहिली विमानं, नाव मनोहर पर्रीकरांचं. भावोजी न्यायला आले होते. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, “काय दाखवलंत आमच्या पोरीला?” भाचीनं खूण केलेला कागद पुढे केला. भावोजी म्हणाले, “मी बाबा आयल घेतो, वाटेकडची सीट. पाय लांब करता येतात.”

शुक्रवार

सकाळ म्हापशाच्या बाजारात. शुक्रवारचा बाजार, त्यात तुळशीचं लग्न तोंडावर. इथे त्याला व्हडली दिवाळी म्हणतात. ऊस, आवळ्या-चिंचेच्या फांद्या, झेंडू, आणि पाय ठेवायला जागा नाही. ताईनं इसवण, म्हणजे सुरमई, घेतली. जेवण, सोलकढी, झोप.

चार वाजता केरीला. हेतू एवढाच की विमानातून जे दिसलं नाही ते जमिनीवरून बघायचं. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट तेरेखोल नदी ओलांडून पलीकडे जाते. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर आहे, सगळा गोवा दक्षिणेला असताना तेवढा तुकडा गोव्याचा. सावंतवाडीकरांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, म्हणून ती हद्द अशी. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता.

किल्ल्याच्या तटावरून केरीची वाळू, त्यापलीकडे हरमलचं टोक आणि उत्तरेला रेडीची बाजू दिसते. आम्ही उभे असताना मोप्याहून उडालेलं एक विमान उत्तरेकडून समुद्रावर गेलं. भाचीनं विचारलं, “मग काल आपल्याला हे का दिसलं नाही?” आपण पूर्वेकडून उतरलो म्हणून. पहाटे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, मतलई वारा. तेव्हा विमानं पश्चिमेकडून, समुद्रावरून आत येऊ शकतात. तसं झालं तर उजवीकडच्या खिडकीत तेरेखोलचं मुख, केरी, हरमल असं सगळं ओळीनं येतं आणि डावीकडे रेडी-शिरोडा. म्हणजे पहाटेच्या विमानाला माझा नियम शेवटच्या पाच मिनिटांत उलटा पडू शकतो. “म्हणजे उजवीकडेच बसायचं,” भाची म्हणाली. तासभराचा किनारा सोडून पाच मिनिटांसाठी? मला ते पटत नाही, पण पहाटे किनारा अंधारातच असतो हा तिचा मुद्दा बिनतोड आहे.

शनिवार

आजचा दिवस दाबोळीचा, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाचा. मोपा आल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतात, टॅक्सीला किती आणि कुठून जवळ. उतरताना काय दिसतं हे कोणी विचारत नाही, आणि त्या बाबतीत दाबोळी कितीतरी पुढे आहे असं माझं मत. मोपा सड्यावर, आजूबाजूला झाडी आणि काजूच्या बागा. दाबोळी मुरगावच्या टोकावर, एका अंगाला जुवारी नदीचं मुख आणि दुसऱ्या अंगाला खुला समुद्र.

म्हापशाहून निघालो. मांडवीवर अटल सेतू, २०१९ पासूनचा, तारांवर तोललेला. त्याच्या शेजारी जुने पूल. पुढे कुठ्ठाळीला जुवारीचा नवा पूल, तोही तारांवर. भावोजींनी गाडी चालवता चालवता विचारलं, “इथे वरून जाताना आपण नेमके कुठे असतो?” त्यांनी एवढी वर्षं मुंबईच्या फेऱ्या केल्या, पण मधल्या सीटपलीकडून कधी मान वाकवली नव्हती. मी सांगितलं ते असं. दाबोळीची धावपट्टी ०८/२६. दुपारी-संध्याकाळी वारा समुद्राचा, तेव्हा विमान पूर्वेकडून येतं आणि कुठ्ठाळीच्या जवळून खाली येत जातं. उजवीकडची खिडकी असेल तर जुवारी, हा पूल, आणि पुढे मुरगाव बंदरात नांगरलेली जहाजं. डावीकडची असेल तर वेळसावपासून दक्षिणेला माजोर्ड्याच्या दिशेनं गेलेली वाळूची सरळ रेघ. दोन्ही उत्तम, निवडच करायची तर मी नदी घेईन. समुद्रावरून उतरणारं विमान असेल तर उजवीकडे ग्रँड आयलंड दिसतं. हैदराबादकडून येणाऱ्यांना त्याआधी डिचोली-सत्तरीच्या बाजूला लोहखनिजाच्या खाणी दिसू शकतात, तांबड्या पायऱ्यांच्या खड्ड्यांत साठलेलं हिरवंनिळं पाणी.

एक मात्र लक्षात ठेवायचं. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. मुलकी विमानतळ त्याच्या आवारात आहे. तिथे विमानातून तळाचे फोटो काढायला बंदी आहे आणि उतरण्याआधी तशी घोषणा होते. डोळ्यांनी बघा, फोन खिशात. मला तरी हे बरं वाटतं, कारण शेवटच्या पाच मिनिटांत फोनच्या पडद्यातून नदी बघणारा माणूस नदी बघतच नाही.

बोगमाळ्याच्या वाटेवर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. उघड्यावर जुनी विमानं मांडलेली. सी हॉक, अलीझे, आणि सगळ्यांत मोठं लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं, मागे तीन शेपट्यांचं. भाची त्याच्या पोटाखालून फिरली आणि खिडक्या मोजल्या. याच जातीच्या विमानाची एक गोष्ट दाबोळीशी जोडलेली आहे. हे विमानतळ पोर्तुगीजांनी पन्नाशीच्या दशकात बांधलं. १९५५ पासून त्यांची ‘ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंडिया पोर्तुगेझा’ ही कंपनी इथून उडायची. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलानं धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री त्या फुटक्या धावपट्टीवरून पोर्तुगीजांनी दोन विमानं उडवली आणि कराची गाठली. त्यातलं एक कॉन्स्टेलेशन होतं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. भाचीचा प्रश्न वेगळाच. “रात्रीचं विमान म्हणजे त्यांना खिडकीतून काहीच दिसलं नसेल ना?” ताईनं तिला गप्प केलं, पण मला प्रश्न रास्त वाटला.

सूर्यास्ताला बोगमाळ्याच्या किनाऱ्यावर बसलो. डोक्यावरच्या टेकाडामागून विमानं उठून समुद्राकडे जात होती. सूर्य बुडाला तसं भावोजी म्हणाले, “चला, संपलं.” आमचं संपलं होतं, नुकत्याच उडालेल्या विमानातल्यांचं नव्हतं. उंचावरून क्षितिज खाली जातं. दहा किलोमीटर उंचीवरच्या माणसाला सूर्य जमिनीवरच्यापेक्षा बारा-तेरा मिनिटं उशिरा बुडताना दिसतो. संध्याकाळी गोव्याहून मुंबईला जाताना डावीकडे बसलं तर हा जादाचा सूर्यास्त पदरात पडतो. जातानाची डावी बाजू कोकणाची, येतानाची डावी बाजू समुद्राची. येताना किनारा हवा असेल तर उजवी, पण त्यासाठी विमान उजेडाचं हवं. भावोजींनी सोमवारचं तिकीट काढलेलं होतं, संध्याकाळचं. तिथेच फोन उघडून त्यांनी सीट बदलली. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, “आता हे पाय आखडले म्हणून आठवडाभर माझ्या मागे लागतील.”

रविवार

मला पुण्यात काम होतं, म्हणून परतीला मोपा ते पुणे, एटीआर ७२. पंख्याचं विमान म्हटलं की लोक नाक मुरडतात. खिडकीत बसणाऱ्यानं मात्र ते शोधून घ्यावं. याचे पंख छताच्या पातळीवर असतात, त्यामुळे खाली बघायला पंख आडवा येतच नाही. पुढच्या भागात काही ओळींना पंखा आणि इंजिन शेजारी येतं, आवाजही तिथेच जास्त. चढायचं दार मागे, म्हणून मागच्या ओळी आधी बसतात आणि आधी उतरतात. मी मागे बसलो, डावीकडे. आणखी एक गंमत म्हणजे चाकं पंखातून नाही, विमानाच्या पोटातून बाहेर येतात, आणि मधल्या ओळींतून ती जमिनीला टेकताना दिसतात. सगळ्यांत महत्त्वाचं, हे विमान जेटच्या निम्म्या उंचीवरून जातं. रस्ते, देवळं, उसाचे फड वेगळे ओळखू येतात.

मोपा आणि पुणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे वाट सरळ उत्तरेची, सह्याद्रीच्या धारेला धरून. सकाळी सूर्य उजवीकडे. डावीकडे बसून मला कड्यांचा पश्चिमेकडचा भाग सावलीत दिसला, काळा, आणि त्याच्या पायथ्याशी कोकणात दऱ्याखोऱ्यांतून धुकं साचलेलं. कडे उजळलेले हवेत तर दुपारी जायला हवं, पण तेव्हा त्याच खिडकीत ऊन येतं. दोन्ही एकदम मिळत नाही. मी सकाळ निवडली ती तलावांसाठी.

आंबोली मागे पडल्यावर ते सुरू झाले. आधी काळम्मावाडी, मग राधानगरी. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमाराला सुरू करवलेलं धरण, दाजीपूरच्या जंगलानं वेढलेलं. गगनबावड्याच्या पुढे चांदोलीचं पाणी. आणि मग कोयना. नकाशात ती किती वेगळी आहे हे कळतं, पण पटतं खिडकीतून. घाटावरच्या बाकीच्या नद्या पूर्वेला धावतात. ही महाबळेश्वरहून निघून डोंगरांच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून कऱ्हाडकडे जाते. शिवसागर त्या सरळ भागात भरलेला, लांबच लांब, कडेला प्रत्येक ओढ्यात घुसलेला. आम्ही उत्तरेला जात होतो आणि तो आमच्याबरोबर चालत होता, बराच वेळ. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे काठाला तांबड्या मातीची पट्टी नव्हती, पाणी थेट झाडांपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये हाच जलाशय वरून अर्धा उघडा दिसतो.

मधल्या वाटेच्या पलीकडचे काका उठून माझ्या खिडकीशी वाकले. “कोयना का हो?” हो म्हटल्यावर त्यांनी आपल्या बाजूला मान वळवून बायकोला सांगितलं, “अगं, कोयना तिकडे आहे.” त्यांच्या बाजूला साताऱ्याकडचा मुलूख, कृष्णेचं खोरं, उन्हाची तिरीप. काकूंनी झडप आधीच ओढून घेतली होती. मी त्यांना माझी जागा दिली आणि महाबळेश्वरचं पठार मागे पडेपर्यंत वाटेत उभा राहिलो, तेवढ्यात केबिन क्रूनं पट्टा बांधायला सांगितलं.

पुण्याजवळ येताना डावीकडे सिंहगडावरचा टॉवर आणि मागे खडकवासल्याचं पाणी दिसलं. लोहगाव हवाई दलाचं, इथेही फोन खाली. सामानाच्या पट्ट्याशी काकांनी विचारलं, “आम्ही बुधवारी परत गोव्याला जाणार, याच विमानानं. मग कुठे बसायचं?” पुणे ते गोवा, तोंड दक्षिणेला, म्हणून कोयना उजवीकडे. किती वाजताचं विमान? काकांनी खिशातून तिकीट काढलं, चष्मा शोधला. दुपारचं होतं. मग ऊनही उजवीकडेच येणार. तरीही उजवीकडेच बसा, मी म्हटलं, फक्त पंख्याच्या मागे, आणि कोयना येईपर्यंत झडप अर्धी ओढून ठेवा. काकू म्हणाल्या, “म्हणजे मी इकडेच बसते, सावलीत. तुम्ही बघा कोयना.”